हिरव्या टिकल्या

खोटं बोलायची मला फारशी सवय नाही. तीस वर्षं ड्रेनेज खात्यात काढली. चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाचा जीव वर उभ्या असलेल्याच्या शब्दावर असतो, तिथे थापा चालत नाहीत. पण आयुष्यात एकदा मोठं खोटं बोललो, आणि एकटा नाही, बावीस घरांना बोलायला लावलं. त्यातून सगळे सुखरूप सुटलो, म्हणून आता हे सांगायला तोंड आहे.

मी कचरू. येरवड्यात नदीच्या जवळ आमची चिंचबन वस्ती. नदी आणि वस्तीच्या मधून एक उंच रस्ता जातो आणि त्याच्या आडोशाला, अगदी तळाला, आमची गल्ली. खालच्या टोकाला बुद्धविहार, वरच्या टोकाला चढ संपतो तिथे दुमजली शाळा. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय निवांत जागा आहे. नदीचं पाणी रस्ता ओलांडून आमच्याकडे येत नाही, हे खरंच आहे. ते मागून येतं. विहाराच्या मागे एक जुना नाला आहे, त्यावर केव्हाच फरश्या पडल्या. नदी चढली की नाला उलटा फिरतो आणि विहारामागच्या चेंबरमधून पाणी उसळून वर येतं. ही लाइन कुठल्याही नकाशात नाही. ती माझ्या डोक्यात आहे, कारण ती साफ करायला मीच उतरायचो.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. पूर ओसरला की भिंत वाळायच्या आत, ओल जिथवर चढली तिथे घरातल्या थोरल्या माणसाने गेरूची रेघ ओढायची आणि बाजूला साल लिहायचं. ज्याची रेघ सगळ्यात वर, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. बाकीची गल्ली त्याला जेवण आणून देते. ही रीत आपल्या नवऱ्याने पाडली असं सुंदराक्का सांगते. कुणी शंका काढत नाही. सुंदराक्का सत्तरी ओलांडलेली, पहाटे मंडईतून भाजी आणते आणि हातगाडीवर विकते. तिच्याशी घासाघीस करण्यापेक्षा गिऱ्हाईक ती सांगेल त्या भावात मुकाट्याने कोथिंबीर घेऊन जातं. तिच्या घरात तीन रेघा होत्या. सगळ्यात वरची सत्त्याण्णव सालची, नवऱ्याच्या हातची. त्या दिवशी गेरू मिळाला नाही म्हणून त्याने खिळ्याने भिंतच कोरली होती. पुढच्या वर्षी तो वारला.

गेल्या जानेवारीत बातमी आली की महापालिका पुरापासून बचावाचा आराखडा करणार आहे, आणि तो वस्तीतल्या लोकांना विचारून करणार आहे. सोबत एक संस्था होती, तिची नम्रता नावाची मुलगी घरोघर फिरून सगळ्यांना बैठकीचं सांगून गेली. कुठल्या घरात किती पाणी येतं ते तुम्हीच नकाशावर दाखवायचं, म्हणाली. गल्ली खूश झाली. मला मात्र बहीण आठवली.

माझी धाकटी बहीण नदीच्या अगदी काठावरच्या एका वस्तीत राहायची. ती वस्ती उठली आणि बहिणीला लोणी काळभोरच्या पुढे चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. खोली चांगली आहे, नाही कशाला म्हणू. पण ती इकडे चार घरची धुणीभांडी करायची. तिथून दोन बस बदलून येता येता दोन घरं सुटली, मग उरलेली दोन. आता नळाला भरपूर पाणी आहे, म्हणते, पण भांडी फक्त स्वतःचीच घासते. तिच्या घराच्या भिंतीवरही पुराच्या रेघा होत्या, आणि पाहणीवाल्यांनी त्यांचे फोटो काढले होते. एवढंच माझ्या डोक्यात बसलं. रेघा दिसल्या की घर गेलं.

मग मी शहाणपणा केला. गल्लीची बैठक घेतली आणि सांगितलं की आपल्याकडे पाणी येतच नाही. भिंती रंगवून टाका, विचारलं तर माना हलवा. माझा मुलगा आयुष रंगाच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, त्याने कुठल्याशा कामावरचे उरलेले डबे आणले. पिस्त्याचा रंग निघाला. दोन दिवसांत गल्ली मिठाईच्या दुकानासारखी दिसायला लागली. सुंदराक्का तेवढी नाही म्हणाली. तिची समजूत घालायचा मी प्रयत्न केला नाही. एका पहाटे ती मंडईला गेली तेव्हा डबा घेऊन तिच्या घरात शिरलो आणि दोन हात मारून मोकळा झालो.

दुपारी ती आली. तिने भिंत पाहिली, भिंतीवरून हात फिरवला, रंग ओला होता तो पदराला पुसला. मग बाहेर जाऊन गाडीवर भाजी मांडायला लागली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. भाजी मात्र देत राहिली, पैसे गाडीवर ठेव असं हाताने दाखवून.

नम्रताने विहारात भला मोठा नकाशा अंथरला. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन. पाणी शिरत असेल तर लाल स्टिकर, घर कोरडं राहत असेल तर हिरवा. वरच्या दोन गल्ल्यांतच स्टिकर संपले. नम्रता गडबडली, तेव्हा बायकांनी पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली. लालला काही तोटा नव्हता. हिरव्यासाठी दोघीजणी घरी पळाल्या. आमच्या गल्लीतल्या बायका आल्या आणि त्यांनी ओळीने एकवीस हिरव्या टिकल्या लावल्या. बाविसावी, सुंदराक्काच्या घराची, मी लावली. महापालिकेचे इंजिनिअर दिग्विजय साहेब, चाळिशीचा शांत माणूस, नकाशावर वाकून म्हणाले की ही गल्ली तर खोलगट दिसते, इथे नक्की पाणी येत नाही ना? आम्ही नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की उंच रस्ता अडवतो, साहेब, थेंब येत नाही. तीस वर्षं खात्यात काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये आराखड्याचा मसुदा वाचायला सगळे पुन्हा विहारात जमले. नवा बांध कुठे, पंप कुठे, भोंगा कुठे वाजणार, सगळं नीट मांडलं होतं. मग दिग्विजय साहेबांनी वाचलं की पूर आला तर वस्तीने जमायची सुरक्षित जागा म्हणजे विहाराचा हाच हॉल. आजूबाजूची सगळी घरं कोरडी, पक्का स्लॅब, तीन पायऱ्यांचं जोतं, वस्तीपासून जवळ. सर्वांत आधी कुणाला आणायचं त्यांची यादीही होती. अंथरुणाला खिळलेले, म्हातारे, लहान मुलं आणि पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या बायका. वरच्या गल्ल्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी सून कल्याणी शेजारी बसली होती. पाचवा महिना. खराडीला कंपनीत कामाला आहे, तिला प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते. "मामा, लिस्टमध्ये माझं नाव टॉपला आहे," म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी टॉप केलं."

मला हसता आलं नाही. त्या हॉलला दार एकच, खिडक्यांना गज, आणि मागच्या भिंतीला लागून ते चेंबर. आमच्या गल्लीत सगळ्यात आधी पाणी कुठे शिरत असेल तर त्या हॉलमध्ये. हिरव्या टिकल्या लावून लावून आम्ही अख्ख्या वस्तीला नेमकं बुडायच्या जागी बोलावलं होतं.

हरकती नोंदवायला आठ दिवस दिले होते. ते आठ दिवस कसे गेले ते मलाच माहीत. खरं सांगावं तर बावीस घरांची माणसं माझ्या नावाने खडे फोडणार, आणि बहिणीसारखं लांब जाऊन पडणार. न सांगावं तर पोटुशी सून त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसणार. आयुषला सांगितलं, तर तो म्हणाला की पप्पा, पूर काय दरवर्षी येतो का? हे त्याचं खरं होतं. दरवर्षी येत नाही. एकदा आला तरी पुरतो.

आठव्या दिवशी शेवटची बैठक. मी आधी पळवाट काढायला बघितली, ते कबूल करतो. उठून म्हणालो की विहार पवित्र जागा आहे, लोक चपला घालून येतील. नम्रता म्हणाली, काका, बाहेर रॅक ठेवू. मग म्हणालो, हॉलमध्ये पंखे कमी आहेत. ती म्हणाली, लिहून घेते. मग म्हणालो, शाळाच का नको, दुमजली आहे. दिग्विजय साहेब म्हणाले की शाळेला चढ आहे, आजारी माणसांना तिथवर नेणं अवघड, आणि जवळ कोरडी जागा असताना उगाच वर का चढायचं? ते बरोबरच बोलत होते. माझ्या खोट्यावर त्यांनी किती व्यवस्थित इमारत बांधली होती.

मी पुढचं कारण शोधत होतो. समोर सुंदराक्का बसली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती थेट माझ्याकडे बघत होती. बाकी काही नाही, नुसती बघत होती.

"साहेब, त्या हिरव्या टिकल्या खोट्या आहेत," मी म्हणालो. "बावीसच्या बावीस. मीच लावायला सांगितल्या."

मागून कुणीतरी ओरडलं, कचरू, तोंड आवर. मी आवरलं नाही. एकदा बूच निघालं की निघालं. मागचा नाला, चेंबर, पिस्त्याचा रंग, बहिणीची चौथ्या मजल्यावरची खोली, सगळं सांगून टाकलं. पाणी पहिल्यांदा आपण बसलोय तिथे येतं, हेही सांगितलं. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघी सतरंजीवरून उठून उभ्या राहिल्या, जणू पाणी आलंच होतं. गल्लीतले लोक मला काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने विचारलं की आता आमची घरं गेली तर तू देणार का बांधून?

दिग्विजय साहेबांनी आराखड्याची फाइल मिटली. चिडले असावेत, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मला नकाशाजवळ बोलावलं. "काका, नदीच्या पात्रातली घरं वेगळी आणि तुमची वेगळी. तुमच्याकडे पाणी एका पाइपातून येतंय. पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवायची सोडून बावीस घरं कोण उठवेल? पण तो पाइप आहे कुठे?"

"माझ्या डोक्यात," मी म्हणालो.

"मग आता कागदावर येऊ द्या."

मी गुडघे टेकून बसलो आणि नाल्याची रेघ काढली. कुठे वळतो, कुठे फरशी आहे, कुठे खाली दोन पाइप एकत्र येतात. रेघ बरोबर आली. नम्रताने लाल टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. ती म्हणाली की लाल टिकली म्हणजे घर उठवायची खूण नव्हतीच, काका. जिथे लाल जास्त तिथे काम आधी, एवढंच. हे तिने जानेवारीतही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी ऐकत नव्हतो, रंग वाळला का ते बघत होतो.

तरी मी तिथेच हटून बसलो की तोंडी नको, लिहून द्या. नुसत्या शब्दावर विसंबायचं माझं वय गेलं. दिग्विजय साहेबांनी इतिवृत्तात लिहिलं की या आराखड्यात या बावीस घरांचं स्थलांतर नाही, आणि खाली सही केली. तो कागद मोठ्याने वाचला तेव्हा मघाशी मला शिव्या देणाऱ्यानेच माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी जोरात की अर्धी शिवी त्यातही होती. मला मात्र हलकं हलकं वाटत होतं. घरी जाऊन चार महिन्यांत प्रथमच पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी खरी उंची मोजायची होती, म्हणजे रंग खरवडायचा होता. गेरू काही ठिकाणी रंगाबरोबरच निघून आला, तिथे लोकांनी आठवणीने खुणा केल्या. सुंदराक्काच्या दारात मी रंग खरवडायची पत्री घेऊन उभा राहिलो. तिने आत ये म्हटलं नाही, पण बाजूला सरकली. मी डोळे मिटून भिंतीवरून बोटं फिरवली. कमरेच्या वर, खिडकीच्या खाली, बोटाला खाच लागली. हळूहळू रंग काढला तसे आकडेही निघाले. नऊ, सात. सात जरा वाकडा होता.

"लिहायला येत नव्हतं त्याला," सुंदराक्का म्हणाली. "तेवढे दोन आकडे माझ्याकडून शिकून काढले."

मी तिला हात जोडले. ती म्हणाली, आता पुरे, बाकीची भिंत पण खरवड, तो रंग मला पहिल्यापासून आवडला नाही.

झडपेचं काम दिवाळीनंतर ठरलं. पावसाळ्याच्या तोंडावर नाल्यात खोदत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. पण जमायची जागा त्याच आठवड्यात बदलली. शाळेचा वरचा मजला. चढाचा प्रश्न होताच. तो सुंदराक्काने सोडवला: वस्तीत भाजीच्या आणि फळांच्या मिळून अकरा हातगाड्या आहेत, ज्यांना चालता येत नाही त्यांना गाडीवर घाला. दिग्विजय साहेबांनी आराखड्यात तसं लिहिलं. सरकारी कागदावर हातगाडी आलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

जुलैच्या शेवटी, सकाळी नऊला भोंगा वाजला. धरणातून पाणी सोडलं होतं आणि वरून पाऊस थांबत नव्हता. ठरल्याप्रमाणे प्रत्येक गाडी आपापल्या दारात गेली. कल्याणी म्हणाली, मी चालेन, मला भाजीच्या गाडीवर नको. सुंदराक्का म्हणाली, "गप बस त्या पोत्यावर. एवढं जपून मी टोमॅटोसुद्धा नेत नाही." कल्याणी बसली. आयुष आणि मी ढकलत होतो, सुंदराक्का पुढे चालत, रस्त्यातल्या लोकांना बाजूला व्हा म्हणत. अकरापर्यंत अख्खी वस्ती शाळेत वर पोचली. डबे उघडले गेले, पोरांनी फळ्यावर चित्रं काढायला सुरुवात केली.

दोनच्या सुमाराला मी खिडकीत उभा होतो. नदी उंच रस्त्यापर्यंत आलीच नव्हती. गल्ली कोरडी दिसत होती. कुणीतरी म्हणालं सुद्धा की उगाच आणलं वर. आणि तेवढ्यात विहाराच्या मागून पाणी निघालं. आवाज नाही, गडबड नाही. पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग दार अर्धं झालं. शाळेत सगळे हळूहळू खिडक्यांशी आले.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. माणूस एकही गेला नव्हता. नम्रता आणि दिग्विजय साहेब मोजायला आले, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी हॉल उघडला. गाळ पिंडरीपर्यंत. भिंतीवरची ओल चार फुटांवर. उभं राहिलं तर छातीशी, पण त्या यादीतल्या कितीजणांना उभं राहता येत होतं? कल्याणीला आत येऊ नको म्हटलं होतं, तरी ती आली. आठवा महिना, दमली होती, मागच्या भिंतीजवळच्या ओट्यावर टेकली. सतरंजीवर बसली असती तर अजून खाली असती. ओट्यावर बसूनही ओलीची कड तिच्या हनुवटीच्या वर होती.

मी ते पाहिलं. गाळातच बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. कल्याणी म्हणाली, "मामा, उठा. मी आहे ना इथे." हो, ती होती. म्हणूनच रडत होतो.

रीतीप्रमाणे सगळ्यात वरची रेघ त्या वर्षी विहाराची होती. विहाराला चूल नाही, तेव्हा जेवण कुणाला द्यायचं असा प्रश्न निघाला. शेवटी बावीस घरांनी आणि वरच्या गल्ल्यांनीही आपापली भाकरी तिथेच आणली आणि पायऱ्या धुऊन सगळे तिथेच जेवायला बसले. दिग्विजय साहेबांनी सुंदराक्काच्या ताटातली मिरची मागून घेतली आणि मग डोळे पुसत राहिले.

पण त्याआधी रेघ ओढायची होती. विहारातलं थोरलं माणूस कोण, यावर सगळे सुंदराक्काकडे बघायला लागले. तिने गेरूचा खडा घेतला, हातात फिरवला आणि परत ठेवला. मग कमरेच्या पिशवीतून एक गंजका खिळा काढून माझ्या हातात दिला.

"तू काढ," ती म्हणाली. "आणि खोल काढ. पुन्हा कुणाला रंग द्यायची अक्कल सुचली, तर रेघ हाताला लागली पाहिजे."

मी खिळा भिंतीला टेकवला आणि काढायला लागलो.